उंबरापट्टी

कातळवाडी, ता. खटाव
१२ जानेवारी २०२५

वीरधवल,

धाकट्या दिराला पत्र लिहिताना वर 'चिरंजीव' घालायची रीत आहे. ती मी सोडली. तू फार वर्षं जगावंस असं मला मनापासून वाटत नाही, आणि मनात नसलेलं लिहायला मी काही सहकारी कारखान्याचा वार्षिक अहवाल काढत नाही. तेव्हा नुसतं नाव.

सहा वर्षं होत आली. भैरोबाच्या यात्रेत सासनकाठी कुणी धरायची यावरून तू माझ्या नवऱ्याला, तुझ्या सख्ख्या चुलत्याच्या लेकाला, देवळाच्या पायऱ्यांवरून ढकललंस. जयराज डोक्यावर पडला तो उठला नाही. काठी तिसऱ्याच माणसानं मिरवली. तेव्हापासून तुझं नाव आमच्या घरात निघत नाही. तुझ्या काकूंच्या, म्हणजे माझ्या सासूबाई मनुआत्यांच्या तोंडात चुकून आलंच, तर त्या चूळ भरतात. मीही आज ते घेतलं नसतं. पण काल तू देवळात हजर झालास, मनीऑर्डरीच्या रूपानं.

कमिटीची मीटिंग होती. महाप्रसादाचं पीठ माझ्या गिरणीतून जातं म्हणून मला बोलावतात आणि खांबाच्या पलीकडं बसवतात. नानासो खजिनदार एकेका उंबऱ्याची यात्रेची पट्टी वाचत होता. वाचता वाचता थांबला.

"वीरधवलची आलीया."

"कुठनं?" अध्यक्ष लालासाहेब.

"जेलातनं. थकल्याली दोन वर्सं आन ह्या सालची, समदी एकदम."

"त्येच्याकडं जेलात पैसं कुठनं आलं?"

"काम करत्यात तितं. पगार असतो म्हणं."

"पगार?" ज्योतिबा फौजी म्हणाला. "च्यायला, खाणंपिणं, कपडा, औषधपाणी, वर पगार! मग आमी सियाचीनला कशाला गेलो रं?"

सगळे हसले. मग हसणं ओसरलं, आणि कुणीतरी म्हणालं की देवाला असला पैसा चालतो का. त्याबरोबर सगळ्यांचे चेहरे धार्मिक झाले. तुला ते चेहरे माहीत आहेत. निवडणुकीच्या आदल्या दिवशी असतात तेच.

मी खांबामागून म्हटलं, "सभामंडपाच्या पाटीवर नदी उपसून खाणाऱ्या तिघांची नावं कोरल्याती. देवानं अजून पाटी फोडली न्हाई. त्येला चालतंय वाटतं सगळं."

कुणी हसलं नाही. विनोद पाटीवरच्या तिघांपैकी दोघांच्या समोर केला होता.

तुला गावाची रीत सांगायला नको, पण तू विसरला असशील तर सांगते. तीन यात्रा पट्टी आली नाही की उंबरा मोडला असं धरतात. मग त्या घराला गावकीत नाव नाही, देवळात बसायला जागा नाही, काठीची पाळी नाही. तुझी आई होती तोवर तिनं भरली. कोरोनात यात्रा झाली नाही, पट्टी तेवढी गोळा झाली, तीही तिनं भरली. ती गेल्यावर दोन वर्षं कुलूप. या चैत्रात तिसरं. तुझं घर देवळाच्या पायऱ्यांना लागून, आणि लालासाहेबांना त्या जागी देवाचे गाळे बांधायचेत. देव भाडं कुणाकडं जमा करणार हे विचारायची गावात सोय नाही. तुझा उंबरा मोडला तर त्यांचं काम सोपं होतं. तू मात्र सुटून आलास तर कुठल्या दारात उभा राहणार, हा प्रश्न.

शेवटी लालासाहेबांनी वाट काढली. म्हणाले, "हे बगा, ज्याचं गेलंय त्येनं सांगावं. क्रांतीवैनी म्हणतील तसं करू. घ्या म्हणल्या तर घिऊ, न्हाई म्हणल्या तर मनीऑर्डर माघारी. शिमग्यापातूर सांगा, वैनी."

पंधरा मिशा आणि निर्णय एकट्या बाईचा. बायकांना अधिकार मिळत नाहीत असं कोण म्हणतं?

आता माझा प्रश्न. तुला पैसे मिळतात. ते वाचवून तू पाठवलेस. देवाला पाठवलेस. निकालात जजसाहेबांनी तुला दंड लिहिला होता आणि त्यातला मोठा भाग मयताच्या बायकोला द्यावा असंही लिहिलं होतं. ती बायको मी. ते भरलं नाहीस. भैरोबाचं कुंकू पुसलं नव्हतं, वीरधवल, माझं पुसलं होतं. मग आधी त्याची पट्टी कशी?

उत्तर लिही. तिकडं पत्रं वाचून मग हातात देतात असं ऐकलंय. वाचणाऱ्या साहेबांना नमस्कार सांगते, आणि अक्षर लागत नसेल तर माफी.

क्रांती


कातळवाडी
९ फेब्रुवारी २०२५

वीरधवल,

तुझं पत्र मिळालं. चार ओळींचं. सुतारकामात आहेस, शाळांची बाकं करता, तुला अर्धकुशल धरलंय, दिवसाला सत्तरच्या आत-बाहेर मिळतात. माझ्या प्रश्नाला तू लिहिलंस, "वहिनी, त्याचं कारण आहे, पण ते मी सांगणार नाही." वा. कोर्टातही तू असाच गप्प बसला होतास, आणि तुझ्या वकिलानं फी घेऊन तेच केलं.

अर्धकुशल या शब्दावर मात्र मी हसले. गावात तुला सगळे पुरा कारागीर म्हणायचे. सरकारनं निम्म्यावर आणलं.

तू सांगत नाहीस म्हटल्यावर मी वडूजला गेले. कोर्टासमोर झेरॉक्सच्या दुकानावर आम्रपाली वकीलबाई बसतात. तरुण आहे, पण खुर्चीवर उशी ठेवून उंच बसते, म्हणजे पक्षकार दबतो. मी दबले नाही म्हणून आमचं जमलं.

मी विचारलं, "सक्तमजुरी म्हणजे फुकट मजुरी न्हाई का हो?"

"नाही. शिक्षा म्हणून काम करून घ्यायचं, पण मोबदला द्यायचा. नाहीतर ती वेठ होते, आणि वेठ घटनेनंच बंद केलीय. सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे."

"मग किमान वेतन देत्यात?"

"रास्त द्यावं असं म्हटलंय. खाण्या-कपड्याचा खर्च वजा करता येतो. किती द्यायचं ते सरकार ठरवतं. कुशल, अर्धकुशल, अकुशल. किमान वेतन बाहेरच्या मजुरांना."

"बाहेरच्यांना तरी कुठं घावतंय? आमच्याकडं खुरपायला जाणाऱ्या बायकांना इचारा."

ती हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "वहिनी, त्याच निकालात तुमच्यासाठी एक ओळ आहे. कैद्याच्या मजुरीतला काही भाग ज्यांचं नुकसान झालं त्यांच्या घरी जावा. राज्यांनी तसा कायदा करावा, असं."

"क्येला?"

"काही राज्यांनी केला."

"आपल्या?"

यावर तिनं कपाटातली एक फाईल काढली, उघडली, मिटली, पुन्हा कपाटात ठेवली. म्हणाली, "करावा, असं कोर्टानं म्हणून पंचवीसच्या वर वर्षं झाली. आपल्याकडं आपोआप कापून घरी धाडतात असं मला तरी अजून कुणी दाखवलं नाही."

मला राग आला नाही. आमच्या शिवारात कॅनॉल यावा असं म्हणूनही तेवढीच वर्षं झाली असतील. खटावात 'यावा' आणि 'करावा' या दोन शब्दांवर पिढ्या जगल्यात.

हिशेब मीही करून बघितला. तुझी दिवसभराची मजुरी म्हणजे माझ्या गिरणीतलं एक दळण. तू आठ तास रंधा मारायचा, तेव्हा माझ्याकडं एका घरची ज्वारी होते. मला वाटलं होतं हे कळल्यावर बरं वाटेल. तसं काही झालं नाही. माणसाला शिक्षा करायची तर शिक्षा करावी. त्याचं काम स्वस्तात पाडून घ्यायचं हा वेगळा धंदा आहे, आणि तो बाहेरही चालतो. हे तुझी बाजू घेऊन लिहीत नाही. ज्याला रास्त मिळत नाही तो दुसऱ्याचं देणं कशातून देणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं. माझाच तोटा आहे त्यात.

निघताना आम्रपाली म्हणाली, "एक मार्ग आहे. कोर्टाचा दंड त्याला मजुरीतनं भरता येतो. थोडा थोडा. तो कोर्टात जमा होईल, तिथून तुम्हाला. त्यानं अर्ज करायचा."

"म्हंजे त्यो मला दिल्यासारखंच की."

"नाही. तो देणार नाही, कोर्ट देणार. तुम्ही त्याच्याकडून काही घेतलं असं होत नाही. हुकूम आहे, तो बजावला, एवढंच."

येताना एसटीत मी हेच चघळत होते. दिलेलं घ्यायचं म्हणजे मान खाली घालावी लागते. हुकमाचं घेताना सही करावी लागते फक्त. वीरधवल, मला तुझी दया नको आहे. वजावट पाहिजे आहे. अर्ज कर.

पट्टीचं मी अजून काही ठरवलेलं नाही. लालासाहेबांनी गेल्या आठवड्यात दळण स्वतः आणलं. आजवर कधी गिरणीची पायरी चढले नव्हते. डबा ठेवून म्हणाले, "वैनी, तुमचं दुख आमास्नी कळतंय. न्हाई म्हणलं तर कोण तुमास्नी नाव ठेवणार न्हाई." मी म्हटलं, "गव्हात खडं लय हायती, लालासाहेब. निवडून आणा." ते निवडून आणायला परत गेले. अजून आले नाहीत.

क्रांती


कातळवाडी
२७ फेब्रुवारी २०२५

वीरधवल,

आज थोडंच लिहिते.

पोस्टमन गिरणीवर आला होता, त्याच्या बाजरीसाठी. मी सहज म्हटलं, तुमची ती जेलची मनीऑर्डर सगळ्या गावाला कामाला लावून गेली. तो म्हणाला, "ही तरी घितली कुणी. आदीच्या तर माघारी गेल्या."

मी पट्टा बंद केला. "कसल्या आदीच्या?"

"तुमच्याच की, वैनी. तुमच्या नावाच्या. दोनतीन तर मीच घिऊन आलो. म्हातारीनं दारातनंच लावल्या. मला वाटलं तुमास्नी ठाव हाय."

मला ठाव नव्हतं. मी सकाळी सातला गिरणीत जाते, पोस्टमन अकराला आमच्या दारात येतो. दारात आत्या असतात.

घरी गेले. आत्या लसूण सोलत होत्या. मी विचारलं. त्यांनी मान वर केली नाही.

"व्हय. लावल्या माघारी."

"माझ्या नावाच्या हुत्या, आत्या."

"नाव तुजं. ल्योक माजा. म्या त्या पोस्टमनला इचारलं, माझ्या लेकाचं भाडं आणलंयस व्हय रं बाबा? त्यो बिचारा घाबारला. मग न्हाईच आला."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं आस्तं तर तू घितलं आस्तंस. तू हिशोबाची हायस. एकदा पैसं घितलं की हिशोब मिटला आसं व्हतंय. तुजा मिटंल. माजा न्हाई मिटायचा." आणि लसणाची पाकळी माझ्यापुढं ढकलून, "सोल."

मी सोलली. सासूशी भांडायला बायका मोकळ्या असतात असं शहरात वाटतं. गावात लसूण सोलायचा असतो.

तेव्हा पहिल्या पत्रातलं ते वाक्य, देवाची पट्टी आधी असं जे मी लिहिलं, ते मागं घेते. माफी मागत नाही. मागं घेते, एवढंच. आणि कारण सांगणार नाही असं तू लिहिलंस, तेही आता कळलं. माझ्या प्रश्नावरूनच तू ओळखलं असणार माघारी कुणी लावल्या, आणि काकूंचं नाव तुला पुढं करायचं नव्हतं. बाहेर असताना एवढी अक्कल दाखवली असतीस तर आज जयराज गिरणीचा पट्टा बदलत असता आणि मी खुर्चीवर बसून त्याला सूचना करत असते.

दंडाच्या अर्जाचं काय झालं ते कळव.

क्रांती


कातळवाडी
१६ मार्च २०२५

वीरधवल,

तुझ्या अर्जाची नक्कल आम्रपालीकडं आली. तिनं ती मला वाचून दाखवली. तू शेवटी लिहिलंयस, "माझ्या मजुरीतून दंड कापावा, कॅन्टीनला थोडे ठेवले तरी चालतील." आम्रपाली म्हणाली की 'ठेवले तरी चालतील' असं सरकारी अर्जात लिहीत नाहीत. मी म्हटलं असू द्या, आमच्याकडं देवालासुद्धा असंच बोलतात.

मी आत्यांना सरळ सांगितलं, की हे वीरधवलचं नाही, कोर्टाचं आहे, बँकेत येईल आणि मी घेणार आहे. त्यांनी आधी दाराकडं बघितलं. मग म्हणाल्या, "तुज्या नावावर घे. माज्या दारात नगं." एवढ्यावर आमचा तह झाला. दारात यायला ते पैसे काही चालत येणार नव्हते, पण तहात तपशील बघायचा नसतो.

आता पट्टीचं. ते तुला पहिलं वाचायचं असेल, म्हणून शेवटी ठेवलं.

शिमगा झाला, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मीटिंग लागली. या वेळी मला खांबाच्या अलीकडं सतरंजी टाकली होती. लालासाहेबांनी सुरुवातच केली, की वहिनींच्या मनाला किती यातना, असल्या माणसाचं नाव गावानं का वाहावं, आणि जागा देवाच्या कामी आली तर जयराजच्या नावानं एक गाळा. तो 'गाळा' ऐकून मला कळलं की नकाशासुद्धा काढून झालाय.

नानासो म्हणाला, "आवं, पर पट्टी तर आलीया न्हवं. आलेली पट्टी माघारी लावली आसं गावात कवा झालं न्हाई."

"जेलातली पट्टी तरी कवा आली हुती?"

"कष्टाची हाय, अध्यक्ष. लाकडं तासून मिळीवल्याली हाय. आपल्या यादीतल्या किती पट्ट्या कष्टाच्या ह्यात, काडू का एकेक?"

नानासो एवढं बोलला हे मला नवीन होतं. बोलून झाल्यावर त्याला स्वतःलाही असावं, कारण त्यानं लगेच पाणी मागितलं.

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी उभी राहिले. गुडघे दुखत होते म्हणून खांबाला धरलं. लोकांना वाटलं हुंदका.

मी म्हटलं, "पट्टी घ्या."

लालासाहेबांचं तोंड अर्धं उघडं राहिलं. मग त्यांनी ते वापरलं. "वैनी, लय मोठं मन तुमचं."

"मन मोठं न्हाई, लालासाहेब. ऐका तर. उंबरा मोडला तर त्यो सुटल्यावर हिकडं कशाला यील? जाईल शिरवळला, कंपनीत लागंल. न्हाईतर पुण्याला. तितं त्येला कोण वळकतंय? महिन्याभरात त्यो चांगला माणूस हुईल. भाड्याची खोली घिईल, गणपतीला वर्गणी दिईल. सुटला. मी बसते हितं."

मी खांब सोडून पुढं आले.

"नाव ठिवलं तर त्येला हितं यावं लागंल. माझ्या भिताडाला भिताड हाय त्येचं. रोज उठून आत्यांच्या म्होरनं जावं लागंल. दुकानात गेला तर पोरं गप हुतील. यात्रंत काठीची पाळी त्येच्या उंबऱ्यावर आली की ह्याच पायऱ्या चढाव्या लागतील, तुमी समदी बघत आसताना. कोर्टानं सात वर्सं दिली. म्होरली म्या देते. पट्टी घ्या आन पावती फाडा."

ज्योतिबा फौजी हळूच शेजारच्याला म्हणाला, "ह्यापरीस जन्मठेप बरी हुती गड्या." मला ऐकू आलं. ऐकू यावं म्हणूनच म्हणाला असेल.

नानासोनं पावती फाडली. ती मी स्वतःकडं ठेवली नाही. ती यासोबत आहे. जपून ठेव किंवा ठेवू नको, पण तुझा उंबरा गावात आहे. यायचं की नाही हे आता तुला ठरवता येणार नाही. तेवढं मी केलं.

क्रांती


कातळवाडी
२४ एप्रिल २०२५

वीरधवल,

यात्रा पार पडली. काठीची पाळी साईराजच्या घराकडं होती. पायऱ्यांना या वर्षी दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडा बसवलाय. माणूस मेल्यावर सहा वर्षांनी. त्यावरही देणगीदाराचं नाव आहे.

दंडाचा पहिला भाग कोर्टात जमा झाल्याचं आम्रपालीनं कळवलं. माझ्यापर्यंत यायला अजून कागद फिरायचेत. फिरू देत. तुरुंगात तुम्हाला काम रोजच्या रोज करावं लागतं, बाहेर कागदांना तसा नियम नाही.

हे पत्र लिहायचं दुसरंच कारण आहे. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी बकरी पडली आणि पट्टी आलेल्या प्रत्येक उंबऱ्याला मटणाचा वाटा निघाला. मी मीटिंगमध्ये एवढं बोलले, काठी, पायऱ्या, दुकान, सगळं डोक्यात होतं. वाट्याचं मात्र माझ्या डोक्यातच आलं नाही.

दुपारी नानासो दारात. एका हातात आमचा वाटा, दुसऱ्या हातात आणखी एक पिशवी.

"वैनी, ह्यो वीरधवलचा. कुठं ठिवू? दाराला कुलूप हाय."

"उंबऱ्यावर ठेव."

"कुत्री खात्याली. देवाचा वाटा कुत्र्यानं खाल्ला म्हणून पुन्यांदा मीटिंग लागंल."

"मग माघारी ने."

"माघारी घेत न्हाईत, तुमास्नी ठाव हाय. उंबरा तुमीच ठिवला नव्हं?" तो चेष्टेनं म्हणत नव्हता. त्याला खरंच पुढच्या घरी जायचं होतं आणि हात अवघडले होते.

तुला गावात ठेवून शिक्षा द्यायची एवढं मी पक्कं केलं होतं. गावात असलेल्या माणसाला यात्रेचं जेवणही असतं, हे कसं विसरले कोण जाणे.

आत्या आतून आल्या. दोन्ही पिशव्या बघितल्या. आमची मला दिली, तुझी स्वतःच्या हातात घेतली, आणि नानासोला म्हणाल्या, "जा रं, उनाचा हुबा ऱ्हाऊ नगंस."

आमचं मटण मी गॅसवर लावलं. त्यांनी मागच्या अंगणातली चूल पेटवली. धाकटं पातेलं काढलं. वाटण स्वतः वाटलं. मला जवळ येऊ दिलं नाही. मी दोनदा काही विचारायला गेले तर म्हणाल्या, "तुजं तू बग."

जेवायला बसलो तेव्हा त्यांनी माझ्या ताटात त्या पातेल्यातलं वाढलं. स्वतःच्या ताटात आमचंच घेतलं.

"ह्ये तू खायाचं. तू ठिवलायंस त्येला. म्या न्हाई खायाची."

मी खाल्लं. सगळं. तुला कळावं म्हणून लिहिते, टाकलं नाही.

रस्सा फिका होता. वर तवंगाचं नाव नाही, तिखट जवळजवळ नाहीच. आत्यांच्या हातचं मटण म्हणजे जेवणाराच्या डोळ्यांतून पाणी, हे तुला माहीत आहे. मी लग्न करून आले तेव्हा तू शाळेत होतास, जेवायला कायम आमच्याकडंच, आणि तिखट लागलं की पाटावरून उठून पळायचास. जयराज हसायचा. त्या तुझ्यापुरतं आधीच वेगळं काढून ठेवायच्या.

त्यांनी विचारलं नाही कसं झालंय.

पातेलं त्यांनीच घासलं.

क्रांती